सशाची मान कलंडली असता: कानाचा संसर्ग, औषधे आणि घरची शुश्रूषा

आपल्या प्रश्नावरून समजले ते असे. लोंबत्या कानांचा, साडेतीन वर्षांचा, सुमारे १.८ किलो वजनाचा आपला नर ससा एका सकाळी डावीकडे मान कलंडवून बसलेला आढळला. चालताना तो डावीकडेच गोल फिरू लागला आणि दचकला की स्वतःभोवती लोळू लागला. जवळच्या दवाखान्यात डाव्या कानात पू दिसला. कानात घालायचे थेंब आणि पाच दिवस तोंडावाटे देण्यासाठी एन्रोफ्लोक्सॅसिन हे अँटिबायोटिक मिळाले. पाच दिवस संपले, मान तशीच आहे आणि ससा पूर्वीपेक्षा कमी खातो आहे. हा अर्धांगवायू आहे का, औषध लागू पडत नाही म्हणून ते बंद करावे का, वडीलधारी मंडळी सुचवतात तसे लसूण घालून कढवलेले खोबरेल तेल कानात सोडावे का, त्याला इंजेक्शन देऊन यातनांतून सोडवावे का, आणि तीन आठवड्यांवर आलेल्या गणपतीला त्याला बरोबर कोकणात न्यावे का, असे आपले प्रश्न आहेत.

हा अर्धांगवायू नाही. अँटिबायोटिक बंद करू नये आणि तेल कानात सोडू नये. त्याला कायमचे झोपवण्याचा निर्णय घेण्याची वेळ अजून आलेली नाही. आपल्या मजकुरातील मला सर्वांत काळजीची वाटलेली गोष्ट मात्र ‘कमी खातो आहे’ ही आहे, आणि ती आपण जाता जाता लिहिली आहे. मान कलंडलेले ससे पहिल्या पंधरवड्यात दगावतात ते बहुधा उपासमारीने आतडे थांबल्यामुळे. कानातील संसर्गाने तितक्या लवकर मृत्यू येत नाही. म्हणून आज, हे उत्तर वाचून होताच, त्याच्या लेंड्या पाहाव्यात. त्या लहान, कमी किंवा बंद झाल्या असतील, अथवा त्याने सुमारे बारा तास काहीच खाल्ले नसेल, तर उरलेले नंतर वाचावे आणि त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे. सशाचे आतडे सतत चालते राहावे लागते. ते थांबले की वायू साठतो, पोट दुखते, दुखण्यामुळे खाणे आणखी कमी होते आणि हे चक्र फार वेगाने फिरते.

आता मान का कलंडते ते पाहू. कर्णपटलाच्या मागे कवटीच्या हाडात एक पोकळी असते. तो मध्यकर्ण. त्याच्या पलीकडे, अंतर्कर्णात, शरीराचा तोल मेंदूला कळवणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका असतात. संसर्ग मध्यकर्णातून तेथवर पोहोचला की त्या बाजूचे संकेत कमी होतात. दुसऱ्या बाजूचे संकेत मात्र पूर्वीसारखेच येत राहतात. त्यामुळे आपण फिरतो आहोत असा मेंदूचा समज होतो, डोळे एका दिशेने झटके देत हलू लागतात, मान बहुधा आजारी कानाच्या बाजूला झुकते आणि ससा त्याच बाजूला पडतो. पायांतील ताकद शाबूत असते. तो लोळतो, कारण जमीन कोठे आहे हे त्याला कळेनासे झालेले असते. पाय ओढत चालणे, मागचे पाय लुळे पडणे किंवा लघवीवरचा ताबा जाणे ही लक्षणे वेगळ्या आजाराकडे बोट दाखवतात, आणि तशी ती दिसली तर डॉक्टरांना आवर्जून सांगावीत.

मध्यकर्णात जंतू दोन वाटांनी शिरतात. एक वाट बाहेरच्या कानातून आत जाते. लोंबत्या कानांच्या सशांत कर्णनलिका बुडाशी दुमडलेली आणि अरुंद असते, तेथे मळ आणि ओलावा साठतो आणि कालांतराने पू होतो, म्हणून या जातींत हा आजार उभ्या कानांच्या सशांपेक्षा अधिक दिसतो. दुसरी वाट नाकामागून मध्यकर्णाकडे जाणाऱ्या नळीची. वारंवार शिंकणाऱ्या, नाक वाहणाऱ्या, पुढच्या पंज्यांच्या आतल्या बाजूचे केस चिकट झालेल्या सशात पाश्चुरेला मल्टोसिडा नावाचा जंतू याच वाटेने कानात पोहोचतो. स्टॅफिलोकॉकस, बोर्डेटेला, स्यूडोमोनस हेही या दुखण्यात सापडतात. आपल्या सशाला गेल्या काही महिन्यांत शिंका येत होत्या का, हे आठवून डॉक्टरांना सांगावे.

पाच दिवसांत फरक का पडला नाही, याचे उत्तर सशाच्या पुवात आहे. माणसाचा किंवा कुत्र्याचा पू पातळ असतो, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशींतील विकरे मेलेल्या ऊती विरघळवतात. सशाच्या पेशींत ही क्षमता फारच कमी असल्याने त्याचा पू टूथपेस्टसारखा घट्ट राहतो. तो आपोआप वाहून जात नाही, सुईने ओढून निघत नाही आणि त्याच्या आतवर औषध नीट पोहोचत नाही. मध्यकर्णाच्या संसर्गात अँटिबायोटिक किमान चार ते सहा आठवडे, आणि पुष्कळदा त्याहून अधिक काळ द्यावे लागते. पाच दिवसांनी ते थांबवले तर सोपे जंतू मरतात, चिवट उरतात, आणि पुढच्या खेपेस तेच औषध निरुपयोगी ठरण्याची शक्यता वाढते. त्यामुळे औषधाचा खंड पडू न देता डॉक्टरांकडून पुढची चिठ्ठी घ्यावी.

कानात पू दिसला म्हणजे कारण सापडलेच, असे मात्र समजू नये. सशाची मान कलंडण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली हा सूक्ष्म परजीवी. तो मेंदू, मूत्रपिंडे आणि डोळे यांत घर करतो. त्याचे बीजाणू आजारी सशाच्या लघवीतून बाहेर पडतात आणि दूषित चारापाण्यातून दुसऱ्या सशाच्या पोटात जातात, आईकडून पिल्लालाही तो मिळू शकतो. अनेक ससे आयुष्यभर तो बाळगून असतात आणि त्यांना काहीही होत नाही, आणि एखाद्यात तो अचानक डोके वर काढतो. कानाच्या आजारात डोके झटकणे, कान खाजवणे, कानाच्या मुळाशी सूज येणे, ओठ किंवा गाल एका बाजूला लोंबणे, पापणी पूर्ण न मिटणे या खुणा दिसतात, कारण चेहऱ्याची नस मध्यकर्णाला लागूनच जाते. परजीवीच्या बाजूने झुकणाऱ्या खुणा वेगळ्या आहेत. मागचे पाय अशक्त होणे, पाणी आणि लघवी वाढणे, डोळ्याच्या आत पांढरट गाठ दिसणे, डोळ्यांचे झटके वरून खाली होणे या त्यांपैकी काही. प्रत्यक्षात दोन्ही चित्रे एकमेकांत इतकी मिसळतात की केवळ पाहून खात्रीने सांगणे अनुभवी डॉक्टरांनाही जमत नाही, आणि कधी कधी एकाच सशात दोन्ही आजार असतात.

या परजीवीसाठी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी असते, पण ती आपल्याकडे सहज उपलब्ध नाही. तिचा निकालही सावधपणे वाचावा लागतो. प्रतिपिंडे सापडली तर एवढेच कळते की सशाचा या परजीवीशी कधी तरी संबंध आला होता. आजची मान त्यामुळेच कलंडली, हे त्यातून सिद्ध होत नाही. निकाल नकारात्मक आला तर मात्र हे कारण बऱ्याच अंशी बाजूला पडते. तपासणी होऊ शकत नसेल तर वाट पाहत न बसता कानाच्या संसर्गाचे आणि परजीवीचे असे दोन्ही उपचार एकदमच सुरू करावेत, असे माझे मत आहे आणि मी तसेच करतो. परजीवीवर फेनबेंडॅझोल दर किलो वजनाला २० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, २८ दिवस असे दिले जाते. आपल्या सशाच्या वजनाला ते दिवसाला ३६ मिलिग्रॅम होते. कुत्र्यांच्या जंतांच्या गोळ्यांत फेनबेंडॅझोलबरोबर पुष्कळदा इतर औषधे मिसळलेली असतात, त्या गोळ्या फोडून देऊ नयेत. निव्वळ फेनबेंडॅझोलचे द्रव औषध मागावे. क्वचित या औषधाने अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रक्तपेशी कमी होतात. म्हणून मात्रा अंदाजाने वाढवू नये, आणि ससा अधिक मलूल वाटला तर रक्त तपासून घ्यावे.

तिसरी शक्यता कानातल्या खरजेची. सोरोप्टेस या सूक्ष्म किड्यांमुळे कानाच्या आत तपकिरी, पापुद्र्यांचे जाड खवले साचतात. ते चिमट्याने किंवा कापसाने ओढून काढू नयेत, खालची कातडी सोलवटते आणि सशाला असह्य वेदना होतात. डॉक्टरांनी दिलेल्या आयव्हरमेक्टिन किंवा सेलामेक्टिनने किडे मेले की खवले आपोआप गळून पडतात. पाळीव कुत्र्यामांजरांच्या पिसवांवर वापरले जाणारे फिप्रोनिल सशाला विषारी आहे. ते घरात असले तरी सशावर टाकू नये.

निदानासाठी दुर्बिणीने कान पाहणे ही पहिली पायरी आहे, पण कर्णपटलाच्या पलीकडचे तिने दिसत नाही. कवटीचा एक्स-रे काढला तर मध्यकर्णाच्या हाडाची जाडी आणि आतील पोकळी भरली आहे का हे पुष्कळदा कळते. सुरुवातीच्या काळात मात्र एक्स-रे स्वच्छ दिसूनही आत पू असू शकतो. सीटी स्कॅन याबाबतीत फारच सरस आहे आणि मोठ्या शहरांतील काही पशुरुग्णालयांत तो होतो. खर्च परवडत असेल आणि शस्त्रक्रियेचा विचार असेल तर तो जरूर करावा. नुसती औषधेच द्यायची असतील तर त्यावाचून अडत नाही. कानातील पुवाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून कोणते औषध त्या जंतूवर चालते हे पाहणे मात्र स्वस्त आणि उपयोगी आहे. आपल्या सशाच्या बाबतीत ते आता करून घ्यावे. सशांचा अनुभव असलेले डॉक्टर जवळपास नसतील, तर मुंबई, शिरवळ किंवा नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत विचारणा करावी.

एन्रोफ्लोक्सॅसिन सशाला सुरक्षित आहे आणि सुरुवातीला देण्यास योग्य आहे, पण प्राणवायूशिवाय वाढणाऱ्या जंतूंवर ते दुबळे पडते. दोन आठवड्यांत काहीच हालचाल नसेल तर डॉक्टर दुसरे औषध देतील किंवा जोड देतील. येथे एक गोष्ट प्रत्येक ससेपालकाने पाठच करून ठेवावी अशी आहे. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, सेफॅलेक्सिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही औषधे सशाला तोंडावाटे कधीही देऊ नयेत. माणसांना आणि कुत्र्यांना ती सर्रास दिली जातात, औषधांच्या कपाटात उरलेली असतात, आणि सशाच्या आतड्यातील उपयोगी जंतू ती मारून टाकतात. मग तेथे क्लॉस्ट्रिडियम जातीचे विषारी जंतू माजतात आणि जुलाब होऊन ससा काही दिवसांत दगावू शकतो. पेनिसिलिनचे इंजेक्शन कातडीखाली देणे ही वेगळी गोष्ट आहे. ते डॉक्टर विचारपूर्वक देतात आणि घट्ट पुवाच्या आजारात त्याचा चांगला उपयोग होतो.

आता थेंबांविषयी. आपण कळवलेल्या चिठ्ठीप्रमाणे त्या थेंबांत जेंटामायसिन हे अँटिबायोटिक आणि एक स्टेरॉइड आहे. कर्णपटल शाबूत आहे याची खात्री असल्याशिवाय जेंटामायसिन किंवा निओमायसिन कानात घालणे धोक्याचे असते, कारण फाटलेल्या पडद्यातून ते आत गेले तर तोल आणि श्रवण या दोन्हींच्या नाजूक पेशी निकामी होतात. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या द्रावणाचेही तसेच. मान कलंडली आहे म्हणजे संसर्ग आतवर गेला आहे, आणि अशा वेळी पडदा फाटलेला असण्याची शक्यता बरीच असते. स्टेरॉइडला ससा विशेष संवेदनशील आहे. थेंबांतूनही ते अंगात शोषले जाते, प्रतिकारशक्ती खाली आणते आणि दडलेल्या परजीवीला मोकळे रान मिळते. म्हणून आजच डॉक्टरांना फोन करून पडदा पाहिला होता का असे विचारावे, आणि खात्री होईपर्यंत ते थेंब थांबवावेत. कान धुवायचाच असेल तर तो डॉक्टरांनी, कोमट सलाइनने, गरज पडल्यास भूल देऊन धुवावा.

तेलाच्या बाबतीतही हेच लागू आहे, आणि त्यात भर म्हणजे लसणाचा तिखट अंश कानाच्या आतल्या कातडीला भाजतो. आजीच्या हातचे ते तेल माणसाच्या बाहेरच्या कानात कधी आराम देत असेलही. सशाच्या घट्ट पुवावर त्याचा थर बसला की डॉक्टरांना आतले काही दिसतही नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड, कडुलिंबाचे तेल, हळदीचे पाणी हेही नको.

वेदनेकडे फार दुर्लक्ष होते. कान आतून सुजला की जबडा हलवताना दुखते, ससा चावणे टाळतो, आणि आपण म्हणतो की त्याची भूक मेली. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक सशांना चांगले मानवते आणि त्याची मात्रा किलोमागे कुत्र्यापेक्षा बरीच अधिक असते. सशांची सवय नसलेले डॉक्टर ती कमी लिहितात, तेव्हा याबद्दल नम्रपणे विचारण्यात काही वावगे नाही. मूत्रपिंडे अशक्त असतील किंवा शरीरातील पाणी कमी झाले असेल तर मात्र ते जपून द्यावे लागते, म्हणून ते स्वतःहून सुरू करू नये. भोवळ फार असेल तर मेक्लिझिन आणि लोळणे थांबतच नसेल तर मिडाझोलॅम डॉक्टर देतात. चक्कर कमी झाली की पुष्कळ ससे त्याच दिवशी तोंड हलवू लागतात.

आता घरच्या शुश्रूषेकडे येतो. पहिले दोन आठवडे औषधांइतकीच किंबहुना त्यांहून अधिक मदार तिच्यावर असते.

पिंजऱ्याच्या जाळीत त्याला ठेवू नये, लोळताना पाय अडकून हाड मोडते. पुठ्ठ्याचे मोठे खोके किंवा लहान मुलांचे कठडे यांनी साधारण दोन फूट रुंद आणि तीन फूट लांब जागा आखावी. खाली सतरंजी, तिच्यावर जुनी गोधडी आणि वर पाणी शोषणारे कापड अंथरावे. गुळगुळीत फरशी त्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट. पंचे किंवा टॉवेल गुंडाळून त्यांच्या जाड वळकट्या अंगाच्या दोन्ही बाजूंना लावाव्यात, म्हणजे अंगाला आधार मिळतो आणि लोळण्याला लगाम बसतो. आधार टेकलेला ससा शांत होतो, हे आपल्याला काही मिनिटांतच दिसेल. जागा घराच्या कोपऱ्यात असावी, पण काळोखात नसावी. डोळ्यांना स्थिर काही तरी दिसले तर मेंदूला तोल सावरायला मदत होते. अचानक आवाज, कुकरची शिट्टी, वरून झडप घालावी तसा येणारा हात या सगळ्यांनी लोळणे सुरू होते. त्याच्याजवळ जाताना आधी हळू बोलावे, मग त्याच्या पातळीला खाली बसून हात लावावा. उचलायचे झाल्यास त्याचे अंग आपल्या छातीशी घट्ट टेकवून, मागचे पाय आणि डोके दोन्ही धरून, हळूहळू उभे राहावे. लोळण्याचा झटका आला तर ओढाताण न करता दोन्ही हातांनी अंग हलकेच दाबून धरावे, झटका ओसरतो.

खाण्यासाठी त्याच्या तोंडाशी नेऊन द्यावे. मान वाकडी असताना वाटीतले किंवा जाळीतले गवत त्याला पकडता येत नाही. आपली समजूत होते की त्याला नको आहे. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला यांच्या काड्या हातात धरून ओठांना लावाव्यात. मुख्य खाणे मात्र गवतच राहावे. टिमोथी किंवा ओटचे वाळके गवत मिळाले तर उत्तम, नाही तर फवारणी न झालेल्या जागेची, धुऊन पूर्ण निथळलेली हरळी चालते. पावसाळ्यात दमट झालेल्या, बुरशीचा वास येणाऱ्या गवताचा गठ्ठा निःसंकोच टाकून द्यावा. ताकद यावी म्हणून फळे, बिस्किटे, पोळी, भिजवलेले हरभरे देण्याचा मोह आवरावा, पिष्ट आणि साखर यांनी मंदावलेले आतडे आणखी बिघडते.

तो स्वतः पुरेसे खात नसेल तर सिरिंजने भरवावे लागेल. सशांसाठी मिळणारी तयार पूड वापरावी, ती न मिळाल्यास गवताच्या गोळ्या म्हणजे पेलेट कोमट पाण्यात भिजवून, घोटून, गाळून पातळ लगदा करावा. दिवसाला दर किलो वजनाला सुमारे ५० मिलिलिटर, म्हणजे आपल्या सशाला ९० मिलिलिटरच्या आसपास, पाच वेळांत विभागून द्यावे. सुई काढलेली सिरिंज पुढच्या दातांच्या मागे, बाजूच्या मोकळ्या जागेतून आत सरकवावी आणि एका वेळी अर्ध्या ते एक मिलिलिटरहून जास्त सोडू नये, तो चावून गिळेपर्यंत थांबावे. त्याला पाठीवर उताणे कधीही करू नये. मान ओढून सरळ करण्याचाही प्रयत्न करू नये, जशी आहे तशीच ठेवून भरवावे, नाही तर लगदा श्वासनलिकेत जातो. ज्या सशाच्या लेंड्या पूर्ण बंद आहेत आणि पोट ढोलासारखे फुगले आहे त्याला भरवण्याआधी डॉक्टरांनी तपासलेच पाहिजे.

पाण्याची बाटली काढून टाकावी, वाकड्या मानेने ती वापरता येत नाही. जड, उथळ वाटी ठेवावी आणि पालेभाज्या पाण्याने निथळत द्याव्यात. डॉक्टरांनी शिकवले तर कातडीखाली सलाइन देणे घरीही जमते.

डोळ्यांची निगा हा भाग बहुतेक चिठ्ठ्यांत लिहिलेलाच नसतो. जमिनीकडचा डोळा अंथरुणावर घासतो आणि वरचा डोळा, पापणी अर्धवट राहिली तर, कोरडा पडतो. दोन्हींत जखम होऊन डोळा कायमचा जाऊ शकतो. ज्यात स्टेरॉइड नाही असे कृत्रिम अश्रूंचे जेल दिवसातून चार वेळा घालावे. डोळा मिटलेला, पांढरट किंवा चिकट दिसला तर त्याच दिवशी दाखवावा. अंथरूण बारीक भुश्याचे नसावे, कण डोळ्यात जातात.

मागची बाजू रोज दोनदा पाहावी. ससा एरवी आपल्या मऊ लेंड्या थेट तोंडाने उचलून खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वे मिळतात. तोल गेल्यावर हे जमत नाही आणि त्या केसांना चिकटतात, लघवीनेही कातडी लाल होते. पावसाळ्यात अशा ओल्या, घाण जागी माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडू शकतात. संपूर्ण अंघोळ घालू नये. तेवढीच जागा कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करावी, केस जास्त असतील तर डॉक्टरांकडून कापून घ्यावेत. खाली पडलेल्या मऊ लेंड्या त्याच्या तोंडाशी धरून पाहाव्यात, बरेच ससे त्या घेतात.

रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करून वहीत लिहावे. माझ्या दृष्टीने त्या वहीची किंमत मानेच्या रोजच्या फोटोंपेक्षा जास्त आहे. १.८ किलोच्या सशाचे वजन १.६५ किलोच्या खाली गेले तर भरवणे अपुरे पडते आहे असे समजावे. सुधारणेचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी डोळ्यांचे झटके थांबतात, मग लोळणे कमी होते, मग ससा स्वतः खाऊ लागतो आणि तोंड धुऊ लागतो, आणि मान सर्वांत शेवटी, काही आठवडे ते काही महिन्यांनी वर येते. काहींची ती थोडी वाकडीच राहते. अशा सशाचा मेंदू नव्या कलाला सरावतो, आणि तो धावतो, कोपऱ्यातल्या पेटीत लघवी करायला जातो, भाजीची पिशवी वाजली की धावत येतो. मान वाकडी आहे एवढ्यावरून औषध निरुपयोगी ठरवू नये. डोळे स्थिर झाले की दिवसातून दोन-तीनदा गालिच्यावर, भोवती उशा ठेवून, त्याला पाच-दहा मिनिटे स्वतःहून हिंडू द्यावे. सतत खोक्यात ठेवलेला ससा हळू सावरतो.

सहा ते आठ आठवडे योग्य औषध देऊनही मध्यकर्ण भरलेलाच असेल, वेदना उरत असेल किंवा औषध थांबवताच आजार उलटत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. कर्णनलिका काढून किंवा तिचा काही भाग काढून मध्यकर्णाचे हाड उघडले जाते आणि घट्ट पू खरवडून साफ केला जातो. काम नाजूक आहे, चेहऱ्याची नस दुखावू शकते, आणि ते सशांवर शस्त्रक्रिया करण्याचा अनुभव असलेल्याच हातांनी व्हावे. आपण आधी किती सशांवर ही शस्त्रक्रिया केली आहे, असे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. एक गोष्ट ध्यानात ठेवावी की सशाला उलटी होत नाही, म्हणून भुलीआधी त्याला रात्रभर उपाशी ठेवायचे नसते. कोणी तसे सांगितले तर खुलासा मागावा.

यातनांतून सोडवण्याबद्दल. वेदनाशामक, भोवळीचे औषध आणि नीट भरवणे हे सगळे दोन-तीन आठवडे मनापासून केल्यावरही जर लोळणे थांबत नसेल, ससा अजिबात खात नसेल, वजन घसरतच असेल, मूत्रपिंडे निकामी होत असतील, तर तो निर्णय दयेचाच असतो आणि तो घेणाऱ्या कुटुंबाला कोणी दोष देऊ नये. पाचव्या दिवशी, अपुऱ्या औषधावर, केवळ पाहवत नाही म्हणून तो घेऊ नये. लोळणारा ससा पाहणाऱ्याला जितका भयंकर वाटतो तितका तो मरणाच्या दारात असतोच असे नाही.

घरात दुसरा ससा असेल आणि दोघांचे पटत असेल तर त्यांना पूर्ण वेगळे करू नये, जोडीदाराच्या शेजारी आजारी ससा अधिक खातो. परजीवीचा संशय असल्याने दुसऱ्यालाही फेनबेंडॅझोल द्यावे का हे डॉक्टरांना विचारावे. लघवीची भांडी रोज धुवावीत आणि उकळत्या पाण्यातून काढावीत. निरोगी माणसाला या परजीवीचा धोका नगण्य आहे. घरात केमोथेरपी घेणारे किंवा अवयवरोपण झालेले कोणी असेल तर त्यांनी सशाची सफाई करू नये.

राहिला गणपतीचा प्रश्न. तीन आठवड्यांनी तो लोळत नसेल, स्वतः खात असेल आणि वजन टिकून असेल, तरीही रात्रभराच्या घाटातल्या प्रवासाला त्याला नेऊ नये. वळणावळणांच्या रस्त्यावर निरोगी माणसाचाही तोल डळमळतो, आणि गावच्या घरात आरत्या, फटाके आणि मुलांची गर्दी यांत तो पुन्हा लोळू लागेल. घरातील एकाने मागे राहणे सर्वांत चांगले. ते शक्य नसेल तर सिरिंजने भरवता येणारी व्यक्ती किंवा जेथे ससे ठेवून घेतात असा दवाखाना आत्ताच ठरवावा, कारण सणाच्या आठवड्यात जागा मिळत नाही. त्या व्यक्तीला निघण्याच्या आधी किमान दोन दिवस घरी बोलावून आपल्यासमोर भरवायला लावावे. कोणते औषध किती वाजता, शेवटचे वजन किती, लेंड्या कशा दिसायला हव्यात, आणि बारा तास खाणे बंद झाले तर कोणत्या डॉक्टरांना फोन करायचा, हे एका कागदावर लिहून खोक्याला चिकटवावे. औषधाच्या बाटल्यांत सुट्टीचे सगळे दिवस पुरून दोन दिवस उरेल एवढे औषध आहे ना, हे निघण्याच्या आदल्या आठवड्यात पाहून घ्यावे.